आजोबांचा फोनो धप् धप् करतोय, उघडू की नको?

वाड्यातला_वाईकर:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गेल्या महिन्यात वाईच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या. पितळी भांडी, सागवानी कपाटं, देव्हारा यांवर व्हायची तेवढी चर्चा झाली. माळ्यावरची काळी पेटी मात्र कुणालाच नको होती, ती माझ्या वाट्याला आली. आकाराने सूटकेसएवढी, काळं रेक्झीन, कोपऱ्यांना गंज, एक कडी तुटलेली. आत एचएमव्ही १०२, चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन. आमच्या घरात त्याला सगळे 'फोनो'च म्हणायचे. आजोबा गेल्यावर तो कुणी वाजवलेला मला आठवत नाही, म्हणजे चाळीसेक वर्षं तरी झाली.

चावी पेटीत नव्हती. दोन दिवस शोधली, शेवटी पुरणयंत्राच्या डब्यात सापडली. आजीने दोन्ही 'गरगर फिरवायच्या दांड्या' म्हणून एकत्र ठेवल्या असणार. वर्गवारी चूक म्हणवत नाही.

सध्याची अवस्था: चावी दिली जाते, पण देताना आणि वाजतानाही मधूनच आतून 'धप्' असा आवाज येतो, सगळी पेटी हादरते. तबकडी ठेवण्याची थाळी फिरते, पण दीड मिनिटात दम लागतो. आवाज येतो तो असा, की गायक शेजारच्या घरात आहे आणि मध्ये गादी टाकलीय. वर पत्र्यावर माशी बसल्यासारखी भुणभुण.

पुण्यात एका दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला, "याला आता काही किंमत नाही. हा द्या, वर थोडे पैसे घाला, पितळी कर्ण्याचा मोठा घेऊन जा. हॉलमध्ये शोभेल." बायकोला पितळी कर्णा आवडलाय. मला मात्र आजोबांच्या पन्नासेक तबकड्या याच्यावरच ऐकायच्या आहेत.

तर प्रश्न असा, की हे मी घरी उघडावं का? मी बँकेत आहे. स्क्रूड्रायव्हर धरता येतो, एवढीच पात्रता.

बारक्या:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आणि वहिनींना पितळी कर्णा घेऊन द्या, धागा घरगुती वळणावर जायच्या आत. (हलके घ्या.)

अण्णा_फिटर:

वाईकर, पहिली गोष्ट: त्या दुकानात परत जाऊ नका. का ते नंतर सांगतो, आधी यंत्राचं बघू.

धप् आवाज म्हणजे स्प्रिंग मेलेली नाही, ग्रीस मेलेलं आहे. आत एक गोल डबा असतो, त्यात पोलादी पट्टीची काही मीटर लांब स्प्रिंग गुंडाळून भरलेली असते. कारखान्यातून निघताना तिला ग्राफाइटचं ग्रीस भरपूर लावलेलं असायचं, म्हणजे पट्टीचे वेढे एकमेकांवरून सरकावेत. ऐंशी वर्षांत त्या ग्रीसचा डांबरासारखा गोळा होतो. वेढे चिकटून बसतात, ताण साठला की एकदम सुटतात, तोच तुमचा धप्. गादीखालची माशी हा मात्र वेगळा आजार आहे, तो साऊंड बॉक्सचा, म्हणजे सुई जिथे बसते त्या गोल डबीचा.

उघडायला हरकत नाही, पण खालचं वाचल्याशिवाय हात लावू नका.

थाळी उचलायची, तिच्याखालचे स्क्रू काढले की मोटर फळीसकट वर येते. त्याआधी यंत्र मोकळं फिरू द्या, पूर्ण थांबेपर्यंत. थांबलं तरी 'संपलं' समजू नका, चिकटलेल्या स्प्रिंगमध्ये ताण लपून असतो. आणि स्प्रिंगला ताण असताना गव्हर्नर कधीही, कधीही काढायचा नाही. गव्हर्नर म्हणजे तीन शिशाच्या गोळ्या पातळ पट्ट्यांवर बसवलेला तो भोवरा. वेग वाढला की गोळ्या बाहेर फाकतात, एक चकती सरकते आणि नमद्याच्या (फेल्टच्या) तुकड्याला घासते, की वेग आवरतो. वेगाचा लगाम तोच. तो काढलात तर सगळी शक्ती एका क्षणात दातेरी चाकांवर येते. मी माझ्या पहिल्या मशीनमध्ये हेच केलं. चाकाचे दाते कणसाचे दाणे सोलावेत तसे निघाले.

स्प्रिंगचा डबा उघडून पट्टी बाहेर काढणं हे काम एकट्याने, चपलेवर, गॅलरीत बसून करायचं नाही. जाड चामडी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. डबा गोणपाटात धरून आतल्या टोकापासून एकेक वेढा हाताने सोडवत आणायचा. सुटली तर ती पट्टी मनगट कापते. हे घाबरवायला सांगत नाही, माझ्या डाव्या तळव्यावर खूण आहे.

बाहेर आल्यावर रॉकेलमध्ये भिजत घालायची, फडक्याने पुसायची, तडे बघायचे. तडे बहुतेक टोकाच्या भोकापाशी असतात. मग नवं ग्रीस. मी व्हॅसलीनमध्ये ग्राफाइटची पूड कालवतो. परत भरताना दिशा बदलू नये म्हणून आधी फोटो काढून ठेवा.

बाकी बेअरिंगना शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. त्या नमद्यालाही एक थेंब, नाहीतर यंत्र किंचाळतं.

वाड्यातला_वाईकर:

अण्णा, आभार कसे मानू. पण 'तळव्यावर खूण' वाचून बायकोने धागा वाचायला घेतलाय.

तबकडीताई:

अण्णांनी यंत्राचं सांगितलं, मी तबकड्यांचं सांगते, कारण लोक यंत्र दुरुस्त करतात आणि त्याच उत्साहात तबकड्यांचा सत्यानाश करतात.

वाईकर, तबकड्या स्पिरिटने पुसायच्या नाहीत. सॅनिटायझरने नाही, कोलोनने नाही, ज्यात अल्कोहोल आहे अशा कशानेही नाही. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकडीत चुन्याची किंवा दगडाची बारीक भुकटी असते, थोडं काजळ असतं, आणि हे सगळं धरून ठेवणारी असते लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किडा जी करतो तीच लाख. ती स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवून पॉलिश करतो ते हेच. म्हणजे तुम्ही स्पिरिटचा बोळा फिरवलात की तबकडीचं पॉलिश होतं आणि गाणं बोळ्यावर येतं. आमच्या ओळखीच्या एका काकांनी अख्खं कपाट असं 'चकाचक' केलं. खरंच चकाचक झालं. वाजत काहीच नाही.

साधं पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल, मधलं लेबल कोरडं ठेवायचं. लगेच पुसून उभ्या सुकवायच्या. ठेवतानाही उभ्याच. आडव्या ढिगात ठेवल्या तर खालच्या तडकतात, आणि कलत्या ठेवल्या तर उन्हाळ्यात त्यांची पुरी होते.

दुसरं, सुया. एक बाजू, एक सुई. वाजवून झाली की टाकायची. इथे कंजुषी करणारे पुष्कळ आहेत ("अजून टोकदार दिसते की!"). हिशेब करा: ७८ च्या वेगाने साडेतीन मिनिटं म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास फेरे. दहा इंची तबकडीवर सुई एका बाजूला साधारण दीडशे मीटर घासत जाते, आणि तिच्या टोकावर शंभर ग्रॅमहून जास्त भार असतो. एलपीच्या सुईवर दोन-तीन ग्रॅम असतो. तबकडीत दगडाची भुकटी घातलेलीच असते ती सुई झिजून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत सुई घासून बसते, मग वाजते, आणि शेवटी तिला छिन्नीसारखी धार येते. तीच सुई दुसऱ्या तबकडीवर ठेवली की ती गाणं कोरून काढते.

आणि प्लास्टिकची एलपी या यंत्रावर चुकूनही नको. एका फेरीत पांढरी रेघ.

बारक्या:

पावणेतीनशे फेरे, दीडशे मीटर... ताई, तुम्ही गणिताच्या बाई का?

तबकडीताई:

होते. निवृत्त झाले. तरी चुका दिसतात. :)

गोदाकाठ:

ताई, तो १९०२ च्या ध्वनिमुद्रिकांत शेवटी गायक स्वतःचं नाव सांगतात तो काय प्रकार? माझ्याकडच्या एका जुन्या तबकडीत बाई गाणं संपलं की इंग्रजीत नाव सांगतात. आमच्याकडे सगळे हसतात.

तबकडीताई:

हसू नका, त्यामागे कारकुनी आहे. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्याने गायिका गौहर जानसकट अनेकांचं गाणं मेणाच्या चकत्यांवर घेतलं. त्या चकत्या छपाईला जर्मनीत हॅनोवरला जायच्या. तिथल्या माणसाला काय कळणार हे कुणाचं गाणं! म्हणून गायकानेच शेवटी नाव पुकारायचं. सियालदहला कारखाना निघाला १९०८ मध्ये, मग हळूहळू तो रिवाज गेला. तुमची तबकडी गौहर जानची असेल तर जपा.

अवांतर: केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सोनेरी तबकडीवरून अवकाशात गेली. त्या सोनेरी तबकडीसोबत वाजवायला सुईसुद्धा पाठवलीय. नासाला कळतं ते आपल्या लोकांना कळत नाही. सुई वेगळी लागते!

अण्णा_फिटर:

आता पितळी कर्ण्याचं.

वाईकर, तुम्हाला दाखवला तो मोठा ग्रामोफोन बहुतेक असा असणार: अष्टकोनी पेटी, चकचकीत पातळ पितळेचा फुलासारखा कर्णा, पुढे कुत्र्याचं नवंकोरं चित्र. पेटीला वास घ्या, ताज्या पॉलिशचा येईल. कर्णा आणि पेटी जोडणारा जो वाकडा पाईप असतो त्यावर वेल्डिंगची पुळी दिसेल. हे आपल्याकडे नव्याने बनतात आणि मुंबईच्या मटण स्ट्रीटपासून (चोर बाजार) परदेशातल्या बाजारांपर्यंत 'अँटिक' म्हणून विकले जातात. पेटी नवी, कर्णा नवा, चित्र नवं. मग जुनं काय असतं आत?

मोटर आणि साऊंड बॉक्स. ते नव्याने बनवणं महाग. म्हणून ते कुठून येतात? तुमच्यासारख्यांच्या पोर्टेबलमधून. 'याला किंमत नाही, हा द्या' म्हणतात ते यासाठी. तुमच्या आजोबांचा फोनो फोडून त्याचं काळीज त्या पितळी सोंगात बसवणार, आणि तेच तुम्हालाच वर पैसे घेऊन विकणार. मी दुरुस्तीला आलेली अशी सोंगं उघडलीत, आत १०१ (आधीचं मॉडेल) आणि १०२ च्या मोटरी सापडल्यात. दरवेळी पोटात कालवतं.

बरं, आवाजही भिकार येतो. १०२ मध्ये कर्णा नाही असं लोकांना वाटतं. आहे, आत दुमडून बसवलेला आहे, आवाज मागून झाकणाकडे निघतो. कर्णा किती लांब आणि कसा रुंदावत जातो यावर सगळा खेळ असतो आणि तो हिशेब कंपनीच्या माणसांनी डोकं लावून केलेला आहे. १०२ आला १९३१ मध्ये, म्हणजे विजेच्या मायक्रोफोनवर मुद्रण सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाल्यावर. त्या मुद्रिकांसाठीच तो जुळवलेला. पितळी फुलात हिशेब कसला, शोभा फक्त.

वाड्यातला_वाईकर:

बायकोने वाचलं. पितळी कर्ण्याचा विषय बंद झाला आहे. अण्णा, तुमचं घर उन्हात बांधू.

फावडे_आणि_फुंकणी:

अण्णांचं सगळं मान्य, पण थोडं टोकाचं होतंय. मीही जमवतो. माझं म्हणणं, यंत्र नीट करायचंच तर नीट करा: गंजलेली कड्या-कुलपं क्रोमिंगला द्या, रेक्झीन नवं घाला, आतला कापडी अस्तर बदला. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी गेलात तर कड्या मिळून जातात. माझा १०१ असा नवा केलाय की बघणाऱ्याला कारखान्यातून कालच आला वाटेल.

अण्णा_फिटर:

तेच तर. कालच आल्यासारखा दिसला तर मग माझ्यात आणि त्या अष्टकोनी वाल्यात फरक काय उरला?

वाजण्यासाठी जे लागतं ते बदला, दिसण्यासाठी नको. ग्रीस, रबर, सुई बदला. तुटलेली कडी बदला, कारण पेटी बंद व्हायला हवी. पण रेक्झीनवरचा ओरखडा आजोबांच्या हातचा असेल तर तो काढायचा तुम्हाला काय अधिकार?

फावडे_आणि_फुंकणी:

ओरखडा बैलगाडीतून आणताना हमालाच्या हातचाही असू शकतो. त्याचीही पूजा करायची?

अण्णा_फिटर:

करा की. हमालाने नीट आणला म्हणूनच आज वाजतोय.

तबकडीताई:

दोघेही साठीच्या पुढचे आहात हे मी वैयक्तिक माहितीवरून सांगते. पुढे चला.

लेस्टरचा_लेले:

इथे इंग्लंडात १०२ अजूनही रविवारच्या जुन्या सामानाच्या बाजारात दिसतो. काळा सगळ्यात जास्त. लाल, निळा, हिरवा असे रंगही होते, त्यांना भाव जास्त. सुयांच्या पत्र्याच्या छोट्या डब्या जमवणारे वेगळेच लोक आहेत, त्यांना ग्रामोफोनशी देणंघेणं नसतं.

वाईकर, साऊंड बॉक्स पहा. गोल, पुढे जाळीसारखी नक्षी आणि पाठीमागे '५ए' किंवा '५बी' लिहिलेलं असेल तर तो मूळचा आहे. त्यातला पडदा ॲल्युमिनियमचा असतो, जुन्या १०१ मधल्या नंबर ४ सारखा अभ्रकाचा नाही. पडद्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी रबराची वळी असते, ती आता दगड झालेली असणार. पडदा मोकळा हलायचा सोडून दगडात चिणलेला, म्हणून तुमचा गायक गादीखाली गेलाय. माशीची भुणभुण हीसुद्धा त्याचीच.

एक सूचना: जुन्या साऊंड बॉक्सचे आणि टोनआर्मचे (साऊंड बॉक्स धरणाऱ्या पोकळ दांडीचे) काही भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. तो धातू वयाने फुगतो, तडकतो. जबरदस्तीने स्क्रू फिरवलात तर बिस्किटासारखा तुटेल. तेल घालून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा.

मामा_मेकॅनिक:

रबराच्या वळीला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. सगळ्या गावातले दुकानवाले हेच वापरतात. दहा रुपयांत काम.

लेस्टरचा_लेले:

मामा, व्हॉल्व्ह ट्यूब बसते खरी पण कडक पडते, आणि दोन-चार वर्षांत पुन्हा दगड. मऊ सिलिकॉनची बारीक नळी घ्या, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळेल. बोटाने दाबली तर चपटी व्हायला हवी. पडद्याच्या मधोमध जो स्क्रू सुईच्या दांडीला जोडतो त्यावर मेणाचा एक ठिपका, हवा निसटू नये म्हणून.

मामा_मेकॅनिक:

लेस्टरला दहा रुपयांची किंमत कळायची नाही. :P माझे तीन वाजतायत व्हॉल्व्ह ट्यूबवर.

तंबोरा_मिरजकर:

यंत्राबद्दल मला शून्य ज्ञान. पण एक कळकळीची विनंती, वेग तपासा! मिरजेत वाढल्यामुळे सूर उतरलेला सहन होत नाही.

माझ्या मावशीकडे एक फोनो होता, त्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली ओडियनची मुद्रिका आम्ही लहानपणी ऐकायचो. खाँसाहेबांचा आवाज मला भारदस्त, थोडा जड वाटायचा. पुढे रेडिओवर तेच गाणं ऐकलं तर आवाज बारीक, वर चढलेला, तार लावल्यासारखा. मला वाटलं दुसरंच कुणी गातंय. नंतर कळलं, मावशीचा फोनो हळू चालायचा. वीस वर्षं आम्ही चुकीच्या माणसावर प्रेम केलं.

हिशेब सोपा आहे: ७८ चा वेग साधारण ७३-७४ वर आला की सूर बरोबर एका पट्टीने उतरतो. काळी एकचं गाणं पांढरी एकला. बाजाची पेटी वाजवणाऱ्या माणसाला ते लगेच कळेल, इतरांना नुसतं वाटत राहील की गायक आज दमलाय.

तबकडीताई:

अगदी. आणि उलटही होतं. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यासमोर गाऊन घेतलेल्या मुद्रिका सगळ्या नेमक्या ७८ वर घेतलेल्या नाहीत. त्यांना ७८ वर वाजवलं तर गायक घाईत असतो. तेव्हा वेगाच्या काट्यावर फार विश्वास नको, कानावर ठेवा.

वेग तपासायला: तबकडीखाली कागदाची चिठ्ठी खोचा, कड बाहेर दिसेल अशी. वीस सेकंदांत सव्वीस फेरे व्हायला हवेत. हे सुई ठेवून मोजायचं, मोकळं फिरताना नाही. सुईचा भार पडला की वेग थोडा उतरतो.

गोदाकाठ:

रेघांचा तो गोल कागद मिळतो ना, दिव्याखाली धरायचा? रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर?

अण्णा_फिटर:

हो, पन्नास हर्ट्झच्या विजेला त्यावर ७७ रेघा लागतात. अमेरिकेतून छापलेला उतरवलात तर ९२ रेघांचा असेल, तो इथे चालायचा नाही. आणि घरातले एलईडी दिवे बरेचसे लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली काही दिसणार नाही. ताईंची चिठ्ठीच बरी.

वाड्यातला_वाईकर:

मंडळी, अहवाल. (दोन आठवडे झाले, माफ करा. मार्चअखेर होती.)

साताऱ्याहून मेहुणा आला होता, तो डिझेल मेकॅनिक. गॅलरीत नाही, खाली पार्किंगमध्ये बसलो. हातमोजे, चष्मा, गोणपाट. यंत्र मोकळं फिरवून थांबलं, तरी अण्णांचं ऐकून चावीच्या खुंटीला हात लावून पाहिला, तर ताण होताच. मेहुणा म्हणाला, "दाजी, हे साप आहे." तासभर थोडं थोडं सोडवत बसलो.

डबा उघडला तेव्हा जो वास आला तो आजोबांच्या खोलीचा होता. म्हणजे खरं तर ग्रीसचाच असणार, पण मला इतकी वर्षं तो आजोबांचा वाटत होता.

ग्रीस काळ्या गुळाच्या ढेपेसारखं झालेलं. स्प्रिंग सुरीने खरवडावी लागली. दोन दिवस रॉकेलमध्ये. तडा एकही नाही. परत भरताना मेहुण्याने दोनदा शिव्या दिल्या आणि तिसऱ्यांदा बसली.

गोंधळ झाला तो साऊंड बॉक्समध्ये. लेलेंनी जस्ताचं सांगितलं होतं, त्यामुळे स्क्रू जपून काढले, पण आत सुईच्या दांडीला बारीक बॉल बेअरिंगच्या गोळ्या असतात हे कुणी सांगितलं नव्हतं! खसखशीपेक्षा थोड्या मोठ्या. एक गोळी गेली. मुलीने विज्ञानाच्या पेटीतलं लोहचुंबक आणून फरशीवर फिरवलं, त्यात दोन टाचण्या, एक स्टेपल आणि आमची गोळी. आठवी ब ला माझा सलाम.

रबराची वळी सिलिकॉनची घातली. मामा, राग मानू नका, व्हॉल्व्ह ट्यूब आणली होती, पण मुलीने दोन्ही दाबून बघितल्या आणि निकाल दिला.

लेस्टरचा_लेले:

गोळ्यांचं सांगायचं राहिलं, चूक माझी! मी पहिल्यांदा उघडला तेव्हा माझ्याही सांडल्या होत्या, आणि आमच्याकडे खाली गालिचा होता. पुढचं सांगत नाही.

अण्णा_फिटर:

शाबास. आता वाजवून झाल्यावर स्प्रिंग मोकळी सोडून ठेवायची सवय लावा. आणि चावी देताना शेवटपर्यंत करकचून देऊ नका, हाताला जड लागलं की बास. रेक्झीनला काय केलंत?

वाड्यातला_वाईकर:

ओल्या फडक्याने पुसलं, बुटाचं काळं पॉलिश हलक्या हाताने लावलं. ओरखडे आहेत तसेच आहेत. कडी तेवढी जुन्या बाजारात मिळाली, थोडी वेगळी आहे, पण लागते.

फावडे_आणि_फुंकणी:

बुटाचं पॉलिश! बरं. मी काही बोलत नाही.

सासवडची_सुमन:

पहिल्यांदाच लिहितेय. हे सगळं वाचून आठवलं, आमच्या गावात लग्नाला फोनो भाड्याने यायचा. आणणाऱ्या माणसाला सगळे 'फोनूवाला' म्हणायचे. मांडवात एका उंच खुर्चीवर पेटी, खाली आम्ही पोरं. प्रत्येक तबकडी संपली की तो जुनी सुई काढून मातीत टाकायचा आणि आम्ही ती उचलायला धावायचो. शेणाच्या गोळ्यात खोचून त्याचे साळिंदर करायचो. आई ओरडायची, पायात जाईल म्हणून. गेलीही एकाच्या.

ताई म्हणतात ती 'एक बाजू एक सुई' तो माणूस पाळायचा, हे आज कळलं.

तबकडीताई:

सुमनताई, लिहित्या राहा हो. साळिंदर!

तंबोरा_मिरजकर:

वाईकर, वाजवलात की नाही ते सांगा आधी. काय लावलंत?

वाड्यातला_वाईकर:

काल रात्री लावला. सगळे जमलो होतो, आईसुद्धा. ती या वाटण्यांच्या प्रकारात तीन महिने फारसं बोलत नव्हती.

पन्नासातल्या बऱ्याच तबकड्यांची लेबलं वाळवीने खाल्लीत, त्यामुळे हातात येईल ती लावली. नवी सुई, चिठ्ठी खोचून वीस सेकंदांत सव्वीस फेरे मोजले (मुलीने मोजले, मी पंचवीस मोजले होते). धप् नाही. माशी नाही. आधी खरखर, मग ऑर्गन, मग बाई गायला लागल्या. नाट्यपद. नाव कुणालाच सांगता येईना.

आईने पहिल्या ओळीवरच सांगितलं, "ही आता तिसऱ्या कडव्याला अडकेल. तुझे आजोबा बोटाने पुढे ढकलायचे."

तिसऱ्या कडव्याला अडकली. तीच ओळ, परत, परत. मी उठलो, तर आई आधीच पोचली होती आणि तिने साऊंड बॉक्सला बाजूने बोट लावलं.

ताई, रागावू नका. त्या तबकडीची दुसरी बाजू त्याच सुईवर वाजवली. कुणाला उठायचं सुचलंच नाही.

तबकडीताई:

रागावले. पण एकदा चालेल. ते पद कुठलं, ध्रुवपद लिहून पाठवा, शोधू. आणि लेबल गेलं असलं तरी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत जागेत आकडे कोरलेले असतात, तिरपा उजेड टाकून बघा.

वाड्यातला_वाईकर:

बघितले. आकडे आहेत, अस्पष्ट. उद्या दिवसाउजेडी परत बघतो. आईला ध्रुवपद विचारलं, ती म्हणते लिहून देणार नाही, गाऊन दाखवीन.